अनुभव धागा: देवाचा चांगुलपणा कोणाच्या हाताने आला, आणि पुढे कोणाला दिलात?

धागाकर्ता

सलाम मंडळी. (आमच्या नगरकडे ख्रिस्ती माणूस ख्रिस्ती माणसाला सलामच करतो, वसईवाल्यांनी आपापलं समजून घ्यावं.)

बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं. स्तोत्र 34 मधे परमेश्वर किती चांगला आहे ह्याचा अनुभव घेऊन पाहा असं म्हटलंय, चाखून बघा असाच त्याचा सूर आहे. देवळात आपण साक्षी ऐकतो, अमक्याचा आजार बरा झाला, तमक्याला नोकरी लागली. त्या खऱ्याच असतील, पण इथे मला त्या नकोयत. मला साधं हवंय, चांगुलपणा तुमच्यापर्यंत कोणाच्या हाताने आला आणि तुम्ही तो पुढे कोणाला दिलात, किंवा द्यायचा राहूनच गेला. राहून गेलेलंही लिहा, उलट तेच जास्त लिहा. धर्मांतर वगैरे वाद इथे नकोत प्लीज.

सुरुवात माझ्यापासून.

मी सातवीत असेन. त्या वर्षी पावसाने दगा दिला आणि आमची ज्वारी उभी जळाली. आणि आला कापणीचा सण. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ह्या सणाला शेतातलं पहिलं पीक देवळात आणायचं, ज्वारीची कणसं, भोपळे, अंडी, कोंबड्या, आणि उपासना झाली की बाहेर ओट्यावर त्याचा लिलाव होतो, पैसे देवळाला. आमच्या घरात नेण्यासारखं काही नव्हतं. वडील म्हणाले यंदा नको जायला. आजी काही बोलली नाही, सकाळी उठली आणि एकुलती एक तलंग (तरुण कोंबडी) होती ती पाटीखालून काढून पदरात गुंडाळून निघाली.

लिलावात तलंगीला पहिली बोली दहा रुपये. मग शाळेतले गुरुजी उठले, म्हणाले पन्नास. घेतली, पैसे दिले, आणि तलंग परत टेबलावर ठेवली, म्हणाले ही देवाला परत, पुन्हा बोला. मग कंपाउंडरनी ऐंशीला घेतली, परत ठेवली. असं चार वेळा झालं. सबंध दिवसात सगळ्यात जास्त पैसे आमच्या तलंगीचे आले. आमची ज्वारी जळालीये हे गावात सगळ्यांना माहीत होतं, पण एकानेही तोंडातून तसा शब्द काढला नाही, आजीच्या हातात कोणी एक रुपया ठेवला नाही. ठेवला असता तर तिने फेकूनच दिला असता. आजी घरी येताना अशी चालत होती की जशी काय पाटलीणच.

आता मी पुण्यात असतो. इथल्या कापणीच्या सणाला मी लिलावातली सगळ्यात भिकार वस्तू शोधतो, जिच्यावर कोणीच बोलत नाहीये ती. मागच्या वर्षी किडका कोबी 600 रुपयाला घेतला, बायको दोन दिवस बोलत नव्हती.

तुमचं येऊ द्या.

सुकेळी

तलंग शेवटी कोणी नेली ते सांगितलंच नाही तुम्ही.

असो, माझा अनुभव वसईचा, जुलै 2018 चा पूर. आमचं घर वाडीत आहे, केळी आणि थोडी पानवेल. पाणी ओटा चढून आत आलं, लाईट गेलेली, लोकल बंद, आम्ही सगळे माळ्यावर. आता माझ्या आईबद्दल आधी सांगायला हवं. ती फादर दिब्रिटोंच्या हरित वसई ह्या पर्यावरण चळवळीच्या मोर्च्यांना गेलेली बाई आहे, टँकरवाले आमच्या विहिरी उपसून नेत होते तेव्हापासून बिल्डर हा शब्द तिच्या तोंडात शिवीसारखाच येतो. तर त्या दिवशी दुपारी मागच्या चाळीतली माणसं, यूपीकडची, पोरंबाळं घेऊन छातीभर पाण्यातून आमच्या दाराशी आली. आईने सगळ्यांना वर घेतलं. वर घेता घेता तोंड चालूच, की खाजणात भराव टाकून तुमच्या चाळी बांधल्या म्हणून पाणी माझ्या घरात शिरलं, या आता, बसा, ती पोरगी भिजलीये तिला आधी टॉवेल द्या. त्यांना निम्मं कळत नव्हतं हेच बरं.

दोन रात्री अकरा माणसं त्या माळ्यावर. ती लोकं शाकाहारी, म्हणून आईने सुक्या मासळीचा डबा गच्चीवर नेऊन ठेवला, त्याचा वास त्यांना नको म्हणून. मला ह्याचं जास्त वाटतं, घरात घेणं एक वेळ सोपं आहे हो, पण बोंबील बाहेर ठेवणं आमच्या घरात सोपं नाही.

आता दर नाताळला ती मंडळी पेढे घेऊन येतात आणि आई त्यांना अंडं न घातलेला केक करून देते, तो दरवर्षी बसतो, दरवर्षी ती चिडते. आणि भरावाबद्दल अजूनही त्यांना ऐकवते.

नुसतीवाचक

मी इथे कधी लिहीत नाही. चांगुलपणा हा शब्द बघून धागा बंद केला होता खरं तर, मग परत उघडला.

एप्रिल 2021 मधे माझे मिस्टर गेले, कोविड. प्रार्थना साखळी होती, चोवीस तास, तीन गावच्या मंडळ्या प्रार्थना करत होत्या आणि तरी गेले. नंतर फोनवर ज्यांनी ज्यांनी देवाची योजना असते असं सांगितलं त्यांचे नंबर मी ब्लॉक केलेत, काही अजून ब्लॉकच आहेत.

मी आणि मुलगी दोघी पॉझिटिव्ह, दीर हॉस्पिटलात, दफनाला आमच्यातलं कोणीच जाऊ शकत नव्हतं. समोरच्या फ्लॅटमधे काकू राहतात, कडक सोवळंओवळं पाळणाऱ्या, आमच्या घरी कधी पाणीपण न घेतलेल्या. त्यांचा मुलगा बावीस वर्षांचा. तो म्हणाला मी जातो. पीपीई किट घालून गेला, पाळक साहेबांनी लांबून प्रार्थना केली. संध्याकाळी दाराबाहेर उभा राहून त्याने विचारलं, काकू, माती किती मुठी टाकायची असते? मला माहीत नव्हतं, मी तीन टाकल्या, बरोबर ना?

मी बरोबर म्हटलं.

ह्याला देवाचा चांगुलपणा म्हणायचं का मला अजून कळत नाही, मी देवाशी तेव्हापासून नीट बोललेलीच नाहीये. पण ती तीन मुठींची गोष्ट कुठेतरी लिहून ठेवायची होती. पुढे कोणाला काय दिलं विचाराल तर अजून काही नाही.

सुकेळी

ताई, काही द्यायची घाई नाही. लिहिलंत तेच खूप आहे.

बिगारी

वरचं वाचून लिहायला लाज वाटतेय, पण धागाकर्त्याने राहून गेलेलं लिहा म्हटलंय म्हणून लिहितो.

2020 चा लॉकडाऊन. आमच्या तरुण संघाने रेशन किट वाटले, पाच किलो आटा, तांदूळ, डाळ, तेल, साबण. मागे बॅनर, पुढे माणूस, मधे पिशवी, आणि फोटो. मी फोटो काढणारा. रांगेत एक जण आला, मी मोबाईल वर केला तसं त्याने तोंड फिरवलं. मी म्हटलं काका इकडे बघा. त्याने बघितलं. तेव्हा ओळखलं, माझ्या स्वतःच्या लग्नात बँडमधे ट्रंपेट वाजवणारा माणूस. सूट घालून, टोपी घालून वाजवत होता तेव्हा. लग्नंच बंद तर बँड कुठला. त्याला काय बोलावं कळेना म्हणून मी काय केलं असेल, फोटो काढला. हात आपोआप गेला हो. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये हे मी संडे स्कूलमधे पाठ म्हणून बक्षीस घेतलेला माणूस आहे.

माझ्या मोबाईलमधून तो फोटो उडवला पण ग्रुपवर गेला तो गेलाच.

पुढच्या महिन्यात मीटिंगमधे म्हटलं फोटो बंद. तर वाद. देणगी देणारे म्हणणार पैसे गेले कुठे, हिशोब कसा दाखवायचा. त्यांचंही अगदीच चूक नाही. शेवटी किराणा दुकानाची बिलं पाठवायची ठरली. एका मोठ्या देणगीदाराने हात आखडता घेतला, बिलाखाली त्याचं नाव येत नाही ना. किट 60 वरून 40 वर आले. वीस घरं आमच्या तत्त्वापायी राहिली हेही खरं आहे, त्याचं काय करायचं मला अजून सांगता येत नाही.

ट्रंपेटवाल्या काकांना नंतर एकदा माफी मागायला गेलो होतो. ते म्हणाले कुठला फोटो, मला आठवत नाही. आठवत होतं.

खिळे_जुळवणारीची_पणती

माझी पणजी केडगावच्या मुक्ती मिशन ह्या निराधार बायकामुलींच्या आश्रमात वाढली, पंडिता रमाबाईंकडे. दुष्काळात कोणीतरी आणून सोडलेली, स्वतःचं गावही तिला सांगता यायचं नाही. तिथे ती छापखान्यात खिळे (छपाईची धातूची अक्षरं) जुळवायला शिकली. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं ते मुक्तीच्याच छापखान्यात मुलींनी छापलं. रमाबाई 1922 मधे गेल्या. पणजीची पानं कुठली ते आम्हाला माहीत नाही, पण घरात तिचं वाक्य अजून आहे, की अक्षर उलटं वाचायला शिकलं की माणूसही उलटा वाचता येतो. म्हणजे काय ते कोणालाच धड कळलेलं नाही.

तिच्यापासून आलेली एक सवय मात्र आहे, आमच्याकडे भाकरी मोजून करत नाहीत. ती म्हणायची मोजल्या भाकरीत पाहुणा मरतो. मला कंटाळा येतो खरं सांगायचं तर, रोज दोन उरतात, मग कुस्करा. पण वॉचमनचा डबा त्याच दोन भाकऱ्यांवर गेली सहा वर्षं चालू आहे त्यामुळे बंद करायची सोय नाही. परवा तो म्हणाला ताई चटणी बदला आता.

जतचा_गडी

मी ख्रिश्चन नाही, लिहिलं तर चालेल का?

धागाकर्ता

चालेल काय, लिहाच.

जतचा_गडी

आईचं ऑपरेशन मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात झालं. आमच्या भागात आजोबापणजोबांपासून मोठं दुखणं म्हणजे मिरज, डॉ. वानलेस साहेबांनी 1894 साली काढलेला दवाखाना. आईचे केस गुडघ्यापर्यंत. पंधरा दिवस पडून राहिल्याने त्याचा नुसता गुंता झाला. बहीण म्हणाली कापून टाकू. आई काही बोलायची नाही, नुसती भिंतीकडे तोंड करून पडायची. नाईटला एक सिस्टर होत्या, नगरकडच्या. पेशंट झोपले की त्या तेलाची वाटी आणि कंगवा घेऊन यायच्या आणि खालच्या टोकापासून एक एक बट सोडवायच्या. रोज थोडं. मधे बेल वाजली की उठून जायच्या, परत यायच्या. चार रात्री लागल्या. तोंडाने हळू काहीतरी म्हणत असायच्या, भजनच होतं, आईला वाटलं अभंग आहे, तिने विचारलं कुठल्या संताचा, तर त्या म्हणाल्या टिळकांचा. आई म्हणे लोकमान्यांनी अभंग कधी केले?

नंतर कळलं की ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक वेगळे.

डिस्चार्जच्या दिवशी आईला दोन वेण्या घालून दिल्या होत्या. त्या सिस्टरना भेटायचं राहिलं, डे ड्युटी लागली होती की सुट्टी होती काय माहीत. आता ओळखीचं कोणी ऍडमिट असलं की आई फळं नेत नाही, कंगवा आणि खोबरेल नेते. काही बायका चिडतात, आमच्या डोक्यात उवा आहेत का म्हणून.

धागाकर्ता

हसू का रडू झालंय. टिळकांचं हे आमच्या आजीलाही ऐकवलं असतं.

वस्तीवरची_बाई

माझं छोटंसं. मी संध्याकाळी घराजवळच्या वस्तीतल्या मुलांना गणित शिकवते, फुकट. पहिल्या वर्षी दोन तरुण येऊन विचारून गेले, तुम्हाला पैसे कोण देतं, एका पोरामागे किती मिळतात. मी म्हटलं पेन्शन मिळते, ती सरकार देतं. धागाकर्त्याने वाद नको म्हटलंय म्हणून बाकीचं गाळते. शिकवणीच्या सुरुवातीला मी मनातल्या मनात प्रार्थना करते, डोळे उघडे ठेवून, कारण डोळे मिटले की उगाच कोणाला काही वाटायला नको, आणि मिटले तर पोरं उत्तरं बघतात. त्या दोघांपैकी एकाची भाची आता माझ्याकडे येते. तो तिला सोडायला येतो, आत येत नाही, गाडीवर बसून राहतो. अपूर्णांकात कच्ची आहे.

सुकेळी

सगळं वाचलं पण ती तलंग???

बिगारी

हो, मलाही तेच विचारायचं होतं.

धागाकर्ता

अरे हो, राहिलंच. चौथ्यांदा पोस्टमास्तरांनी घेतली आणि परत ठेवायला गेले तोवर ती टेबलावरून उडाली, देवळाच्या कौलांवर जाऊन बसली. अंधार पडेपर्यंत आम्ही पोरं खाली उभे. शेवटी सगळे घरी गेले. सकाळी आजी दार उघडते तर तलंग आमच्याच अंगणात, पाटीपाशी. आजी तिला घेऊन परत देवळात, की विकलेली वस्तू मी ठेवणार नाही. पोस्टमास्तर म्हणाले मी कुठे घरी नेली होती. पाळक साहेब म्हणाले दानाच्या वहीत पैसे जमा झालेत, आता कोंबडीचं खातं कुठलं लिहू. ती दोघांच्या भांडणात पाळकांच्या अंगणात राहिली, अंडी घालायला लागली, आणि अंडी आठवड्याला आमच्याकडे यायची. आजी म्हणायची ही आमची नाहीत, आणि घ्यायची.

नाताळपर्यंत होती. पुढचं विचारू नका.