घरच्यांशीच तुसडेपणा का होतो?

प्रश्न:
कार्यालयात दिवसभर मी सर्वांशी सौम्यपणे बोलते, मात्र संध्याकाळी घरी आल्यावर सासूबाईंनी "भाजी कोणती करायची?" एवढे विचारले, तरी माझ्या तोंडून तुटक उत्तर बाहेर पडते आणि त्या हातातली मेथीची जुडी तशीच ठेवून आत निघून जातात. हे मनाला फार लागते. स्वभाव बदलता येतो का?

प्रतिसाद:
ताई, स्वभावाचे राहू द्या, आधी ती वेळ सांभाळा. मी घरी आल्यावर हातपाय धुऊन, मोबाईल कपाटात ठेवून दहा मिनिटे आईजवळ बसतो आणि ती भाजी निवडत असेल तर चार काड्या मीही निवडतो.

प्रतिसाद:
अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांना जोडप्यांच्या निरीक्षणातून असे आढळले, की टिकणाऱ्या संसारांत मतभेदाच्या वेळीही एका कटू व्यवहारामागे साधारण ५ चांगले व्यवहार असतात. हे निरीक्षण पती-पत्नींचे आहे. तरी एका तुटक उत्तराची भरपाई नुसत्या 'चुकले' म्हणण्याने होत नाही, हे मला सासू-सुनेच्या नात्यातही पटते.

प्रश्नकर्ती:
काल मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्या काही बोलल्या नाहीत, पण मेथीचे ताट त्यांनी माझ्याकडे सरकवले.