मदत हवी आहे : लॅटिन ‘पापिलिओ’ म्हणजे फुलपाखरू की पतंग?

नमस्कार. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेल्या नीलवंतावर मी शाळकरी मुलांसाठी लेख लिहीत आहे आणि त्याच्या ‘पापिलिओ पॉलिम्नेस्टर’ या शास्त्रीय नावातील पहिल्याच शब्दापाशी अडलो आहे.

शब्दकोशात ‘पापिलिओ’ (पुल्लिंगी, षष्ठी ‘पापिलिओनिस’) म्हणजे फुलपाखरू, एवढेच सापडते. जीवांच्या शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसनेही १७५८ मध्ये सगळी फुलपाखरे ‘पापिलिओ’ या एकाच वंशात ठेवली आणि पतंगांसाठी ‘स्फिंक्स’ व ‘फालीना’ असे वेगळे वंश केले. रोमन लेखक मात्र हा भेद पाळताना दिसत नाहीत. प्लिनी ज्या पापिलिओला मधमाश्यांचा शत्रू म्हणतो, तो पेटलेल्या दिव्यांकडे झेपावणारा आहे. कोलुमेला तर रात्री पोळ्यांजवळ भांड्यात दिवा ठेवून त्याला मारण्याचा उपाय सांगतो. मराठीत या जिवाला पतंगच म्हणावे लागेल.

माझी खरी अडचण रोमन कवी ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फोसेस’ या काव्याच्या पंधराव्या खंडातल्या एका ओळीची आहे, कारण ती मला लेखात घ्यायचीच आहे. पानांवर पांढरे धागे विणणाऱ्या अळ्या रूप पालटून ‘फेरालिस’ पापिलिओ होतात, हे शेतकऱ्यांनी पाहिलेले आहे, असे तो म्हणतो. ‘फेरालिस’ म्हणजे मृतांशी संबंधित. धाग्यांच्या उल्लेखावरून हा कोश विणणारा पतंग असावा, असे मला वाटते. पण ‘पतंग’ म्हटले की आपल्या वाचकाला ज्योतीवर जळून जाणारा जीव आठवतो, आणि देह सोडून निघालेल्या आत्म्याची जी छटा ‘फेरालिस’मुळे येते, ती हरवते. ‘फुलपाखरू’ लिहावे, तर त्यातले फूल त्या ओळीचे गांभीर्य घालवते. ‘पाकोळी’ हा शब्द दोन्ही अर्थ पेलतो आणि कानालाही हलका लागतो, म्हणून माझा कल त्याकडे आहे. परंतु पाकोळी नावाचा पक्षीही असल्याने मुलांचा गोंधळ होईल का?

आणखी एक लहान शंका. उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘पापिलिओ’ला तंबू असाही अर्थ आला आणि जुन्या फ्रेंचमधून तोच शब्द आपल्या क्रिकेटच्या ‘पॅव्हेलियन’पर्यंत पोहोचला. तंबूच्या उघडलेल्या कडा पंखांसारख्या दिसतात, हे त्याचे कारण सांगितले जाते. एखाद्या लॅटिन लेखकाने ही तुलना स्वतः केलेली आहे, की ती नंतरच्या कोशकारांची आहे? लॅटिन शिकलेल्यांनी कृपया मूळ उताऱ्याच्या आधारे सांगावे.