मुंबईतील रंगवलेल्या भिंती : आपले अनुभव सांगा

शहरातील भिंतीचित्रांची छायाचित्रे पुष्कळ पाहायला मिळतात. येथे मात्र हकिकती हव्या आहेत. आपण एखादी भिंत रंगवली असेल, तिच्यासमोर राहत असाल किंवा रोज तिच्यावरून जात असाल, तर त्या चित्राचे पुढे काय झाले तेही अवश्य लिहावे.

दादरहून :
ऑगस्ट 2009 मध्ये महापालिका आणि ‘द वॉल प्रोजेक्ट’ हा भिंती रंगवणाऱ्या कलाकारांचा गट यांच्या पुढाकाराने तुळशी पाइप रस्त्यावरील रेल्वेची भिंत रंगवण्याचे खुले आवाहन झाले, तेव्हा मी कलाशाखेचा विद्यार्थी होतो. ऐन पावसाळ्यात भिंत रंगवायची म्हणजे काय, हे आम्हाला तेथेच उमगले. जुन्या जाहिरातींचे थर खरवडण्यातच सकाळ गेली, आणि प्रायमर वाळतो न वाळतो तोच सर आली. शेजारी एक कुटुंब आपल्या लहान मुलांसह मासे रंगवत होते. त्यांचे चित्र आमच्याहून बरे झाले, असे माझे आजही मत आहे. पुढील पावसाळ्यापर्यंत वाहनांनी उडवलेला चिखल आणि पानाच्या पिचकाऱ्या यांनी आमच्या चित्राचा खालचा भाग गिळला होता.

वांद्र्याहून :
रेक्लमेशनजवळील एमटीएनएलच्या (दूरध्वनी कंपनीच्या) इमारतीवर चित्रकार रंजित दहिया यांनी 2014 मध्ये दादासाहेब फाळके साकारले, ते काम मी येता-जाता पाहिले. शंभर फुटांहून उंच भिंतीवर चेहरा रंगवताना जवळून केवळ डाग दिसतात, त्यामुळे प्रमाण सांभाळायचे तर पुन्हा पुन्हा लांब जाऊन पाहावे लागते. चित्र पुरे झाल्यावर एका रिक्षाचालकाने मला “हे कोण?” असे विचारले. नटनट्यांना सगळेच ओळखतात. त्यामुळे फाळक्यांची निवड मला अधिक मोलाची वाटते.

चॅपल रोडवरून :
चित्रे सुंदर आहेत, हे मान्य. तथापि ज्यांच्या भिंतीवर ती आहेत, त्यांना खिडकीत कपडे वाळत घालतानाही कोणाच्या तरी छायाचित्रात यावे लागते.

कुलाब्याहून :
ससून डॉकवर 2017 मध्ये जो कलाप्रकल्प झाला, त्यात बंदरावर राबणाऱ्या माणसांची भलीमोठी कृष्णधवल छायाचित्रे भिंतींवर डकवली होती. आमची मावशी तेथे कोळंबी सोलायला जाते. बाहेरचे पाहुणे नाकाला रुमाल लावून फिरत, आणि ती मात्र ओळखीचा प्रत्येक चेहरा नावानिशी दाखवत पुढे जाई.

परळहून :
मी पाट्या आणि भिंती रंगवणारा कारागीर आहे. दादरच्या मित्रांसाठी सांगतो : प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर रात्रभर ठेवावा. सकाळी त्याच्या आतील बाजूस पाणी धरले असेल, तर भिंतीत ओल आहे; तिच्यावर कितीही महागडा रंग लावला तरी पोपडे सुटणारच. गिलावा नीट वाळेपर्यंत थांबावे, आणि रस्त्यालगतचे खालचे दोन-तीन फूट गडद रंगाचे ठेवावेत.