झाडाचा ‘क्राउन’: डेरा की मुकुट?

— जंगलांवरच्या एका लेखाचा अनुवाद करतेय. शेजारशेजारच्या झाडांचे क्राउन, म्हणजे वरचे फांद्या-पानांचे घेर, एकमेकांना टेकत नाहीत, मध्ये फट राहते, अशी एक गंमत त्यात आहे. मलेशियातल्या कापूरवृक्षांखाली उभं राहून वर पाहिलं की सुकलेल्या तळ्याला भेगा पडाव्यात तसं आभाळ दिसतं. इंग्रजीत याला क्राउन शायनेस म्हणतात. मी ‘डेरा’ लिहिलं होतं, संपादकांनी सगळीकडे ‘मुकुट’ केलं. ‘दोन झाडांचे मुकुट’ वाचून माझ्या डोळ्यांसमोर झाड येतच नाही. काय करू?

— डेराच ठेवा. ‘डेरेदार’ म्हटलं की पुढे ‘वृक्ष’ आपोआप येतो.

— वडाला डेरा शोभतो. पण ताडाला? सुरूला? त्यांना शेंडा असतो. परिभाषेला सगळ्या झाडांना चालेल असा शब्द हवा. वनस्पतिशास्त्रात फुलाच्या पाकळ्यांच्या घेराला ‘पुष्पमुकुट’ रुळलाय, मग ‘वृक्षमुकुट’ का नको?

— पुष्पमुकुट म्हणजे इंग्रजीतला कोरोला, म्हणजे छोटा ‘कोरोना’. लॅटिनमधला कोरोना हीसुद्धा आधी डोक्यावर घालायची पानाफुलांची माळच. तेव्हा झाडाला मुकुट म्हणण्यात काहीही कृत्रिम नाही. संपादक बरोबर आहेत.

— लॅटिनमध्ये बरोबर असतील! मराठी माणसाला मुकुट म्हटलं की सोनं आणि रत्नंच दिसतात.

— मी कोर्टाच्या कागदांची भाषांतरं करते. ब्रिटनमधल्या फौजदारी खटल्यात क्राउन म्हणजे सरकार पक्ष. ‘मुकुटाने आरोप ठेवला’ हे वाक्य मी स्वतः लाल शाईने खोडलंय. १८५८ मध्ये कंपनीचा कारभार क्राउनकडे गेला, तेव्हा लोक ‘राणीचं राज्य आलं’ म्हणाले. वस्तू सोडून माणूस धरला, आणि अर्थ लख्ख कळला.

— पण राणी बदलते, क्राउन बदलत नाही. तिथे ‘राजसत्ता’च हवं.

— प्रत्येक क्राउनचं मराठी करायलाच हवं का? गॅरेजमध्ये गाडीतल्या दातेरी चाकांच्या जोडीला क्राउन-पिनियन म्हणतात, छापखान्यात कागदाच्या एका मापाला क्राउन आकार म्हणतात. त्या कागदात पूर्वी मुकुटाचा जलचिन्ह असायचा, म्हणून ते नाव. दातावरच्या क्राउनला आपण ‘कॅप’ म्हणतो, म्हणजे एका इंग्रजी शब्दाला दुसरा इंग्रजी शब्द. स्वीडनचा क्रोना आणि चेक कोरुना यांचाही अर्थ मुकुटच, पण त्यांना कोणी ‘मुकुट’ म्हणत नाही.

— घड्याळाचा क्राउन मात्र आपण ‘चावी’ केला. फिरवायची वस्तू, म्हणून चावी. असं कामावरून आलेलं नाव मला सगळ्यात जास्त आवडतं. आणि जलचिन्ह नपुंसकलिंगी आहे हो, ‘मुकुटाचं जलचिन्ह’.

— डेऱ्याकडे परत येऊ. हा डेरा तंबूचा की ताक घुसळायच्या मातीच्या भांड्याचा? माझ्या मते भांड्याचा. फुगीर पोट बघा.

— तंबूचाच. खाली सावली असते.

— भांडं उपडं घातलं तरी सावली पडते. शिवाय वडाचा घेर तंबूसारखा टोकदार कधी पाहिलाय?

— मूळ प्रश्नातल्या ‘शायनेस’चं कोणी बोललंच नाही. ‘झाडं अंग चोरतात’ कसं वाटतं? गर्दीत आपण अगदी तसंच उभे राहतो, खांदा खांद्याला लागू न देता.

— सुंदर! पण नाम करायला गेलात की ‘अंगचोरी’ होईल, आणि अंगचोर म्हणजे कामचुकार.

— नाम हवंच कशाला? क्रियापदाने भागतंय.

— लेखाच्या मथळ्याला लागेल.