मदत हवी आहे: एमपीएससीच्या राज्यसेवा मुख्य परीक्षेसाठी ऑनलाइन पुरेल की पुण्यात क्लास लावू?

मी बार्शीतूनच तयारी करतोय, मराठी माध्यम, ऑप्शनल इतिहास. पूर्व परीक्षेसाठी रेकॉर्डेड लेक्चर्स मस्त पुरली, दीडच्या स्पीडवर बघायची, अडलं की मागे घ्यायचं, वर्गात कोण थांबतंय आपल्यासाठी. पण २०२५ पासून मुख्य वर्णनात्मक झाली ना, आता लिहिलेलं कुणीतरी नीट तपासून द्यायला पाहिजे. ऑनलाइन टेस्ट सिरीज लावून बघितली, उत्तरं स्कॅन करून पीडीएफ पाठवायची, परत येते तेव्हा समासात नुसतं ‘प्रस्तावना सुधारा’, आता काय सुधारू? इथे ग्रुप करून एकमेकांचे पेपरही तपासले, सगळेच नवीन त्यामुळे उपयोग शून्य. सदाशिव पेठेत रूम, मेस, फी धरून फार तर तीन महिने झेपेल. ज्यांनी दोन्ही केलंय त्यांनी सांगा, क्लासमध्ये खरंच समोर बसवून उत्तर कुठे चुकलं ते दाखवतात का, की तिथेही शंभर जणांचा गठ्ठा आणि तोच शेरा?