मदत हवी आहे: अंड्यावरच्या कोंबड्या आणि वाढती पिल्लं एकाच खुराड्यात, खाद्य कुठलं द्यावं?

राऊकरीण
नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरला, राऊच्या बाजूला राहतो. परसात मोठ्या गावठी कोंबड्या आहेत, अंड्यावर आलेल्या. सोबत आता कडकनाथची, म्हणजे काळ्या मांसाच्या देशी जातीची पिल्लं, सात आठवड्यांची. ही जात झाबुआची, ते इथून जवळच, त्यामुळे ही हौस इकडे घरोघरी. २०१८ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाल्यापासून तर भावही चढलेत.

मोठ्यांना लेअर (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं खाद्य) आणि पिल्लांना चिक स्टार्टर (लहान पिल्लांचं खाद्य), असं वेगळं देत होते. आता पिल्लं मोठ्यांच्या भांड्यात घुसतात आणि मोठ्या पिल्लांचं फस्त करतात. शिवाय चोचीने भुकटी उडवून फक्त मक्याचे तुकडे वेचायचे, अर्धं खाद्य जमिनीवर. दुकानदार म्हणतो, "ताई, सगळ्यांना लेअर टाका, भानगड नको." मला ते पटत नाही. दीर शेतातलं सोयाबीन पोतंभर देतो म्हणतात, तेही चालेल का?

महूचा_दादा
लेअर पिल्लांना अजिबात नको. त्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं, ते कवचासाठी. वाढत्या पिल्लाला एक टक्का पुरे. जास्तीचं महिनोन्महिने पोटात गेलं की मूत्रपिंडं बिघडतात, गाऊट होतो, म्हणजे शरीरात युरिक आम्ल साठतं. बाहेरून काही कळत नाही, एक दिवस पक्षी मरून पडलेला दिसतो.

उलटं करा. आठव्या आठवड्यानंतर सगळ्यांनाच ग्रोअर, म्हणजे वाढत्या पक्ष्यांचं खाद्य, द्या. प्रथिनं सोळा टक्क्यांच्या आसपास, मोठ्यांचंही भागतं. त्यांच्यासाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. अंडी देणारी कोंबडी लागेल तेवढा खाते, पिल्लं एखाद-दुसरा कण चाखून सोडतात. बदल एकदम करू नका, आठवडाभर स्टार्टर आणि ग्रोअर मिसळून द्या. लेअर पहिलं अंडं दिसलं की मगच.

राऊकरीण
आमच्या दुकानात ग्रोअर नाहीच. प्री-स्टार्टर, स्टार्टर, फिनिशर, एवढंच आहे.

महूचा_दादा
ते ब्रॉयलरचं, म्हणजे मांसासाठी पाळायच्या कोंबड्यांचं, ताई. इकडे ब्रॉयलरवाले गिऱ्हाईक जास्त, दुकानदार तेच ठेवणार. सुरुवातीचे काही आठवडे अडलंच तर चालतं, पण पुढे नको. अंड्यासाठी पाळायच्या माद्या त्यावर नुसत्या चरबी धरतात. कडकनाथ मुळात सावकाश वाढणारी जात, पाच-सहा महिन्यांत सव्वा ते दीड किलो झाली तरी पुष्कळ. दुकानदाराला ग्रोअरची आगाऊ ऑर्डर द्या, मागवून देतात. पोत्यावरची तारीख मात्र बघा.

छावणीवाली_आजी
सोयाबीन कच्चं घालू नकोस गं. कच्च्या दाण्यात प्रथिनं पचू न देणारा घटक असतो. पिल्लं खातात भरपूर आणि वाढत मात्र नाहीत. माळव्यात सोयाबीन रानभर, म्हणून लोकांना वाटतं फुकटचं खाद्य मिळालं. दिरांना सांग, ते विकून टाका आणि त्या पैशात पेंड घ्या. पेंड तापवून निघालेली असते, ती चालते. पण पेंड आणि मका एवढ्यावर भागत नाही, खनिजं आणि जीवनसत्त्वांचं मिश्रण लागतंच. म्हणून तयार ग्रोअर घ्यावं, वरून घरचा भरडा मूठभर.

पोहे-शेवेचं उरलंसुरलं कुणी टाकत असेल तर बंद कर. एवढ्याशा जिवाला मीठ सोसत नाही. आमच्या घरात पाहुणे हटकून शेव टाकतात, कौतुकाने!

आणि सध्या पावसाळा आहे, मका नीट वास घेऊन घे. कुबट वाटला तर परत कर, बुरशीचं विष भाजूनही जात नाही.

राऊकरीण
मोठ्या कोंबड्या पिल्लांना ढकलून लावतात, त्याचं काय?

छावणीवाली_आजी
जुनी प्लास्टिकची क्रेट पालथी घाल, एका बाजूच्या दोन पट्ट्या काप. पिल्लू आत जाईल, मोठी कोंबडी अडकेल, एवढीच फट ठेव. भांडं आत. पिल्लं वाढली की फट रुंद कर. भुकटी थोडी ओलसर करून दिलीस तर वेचून खायचं बंद होतं, पण तासाभरात उरलेलं काढ, आंबतं.

महूचा_दादा
खाली तूस ओलं राहू देऊ नका. या वयात रक्ती हगवण तिथूनच लागते. विष्ठेत रक्त दिसलं किंवा पिल्लू पंख फुगवून कोपऱ्यात बसलं, तर त्याच दिवशी महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवा. दुकानातून अंदाजाने गोळ्या आणू नका.

राऊकरीण
क्रेट आहे घरात, आजच कापते. शिंपल्यांचा चुरा इंदूरमध्ये किरकोळ कुठे मिळेल? पूर्ण पोतं मला नकोय.