शब्द सुचत नसतील तर स्तोत्र १३

‘जीव घाबरा झाला की प्रार्थनेला शब्दच फुटत नाहीत’ असं होतं ना? मग उसने घ्या. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं १३वं स्तोत्र, जेमतेम ६ वचनं. पहिल्या दोनांत ‘कोठवर?’ चारदा येतं. देवाकडे तक्रारच आहे ती, मोठ्याने वाचा. एका श्वासाला एक ओळ, तीही श्वास सावकाश सोडताना. घोळ होतो तो पुढे: लोक थेट ५व्या वचनातल्या भरवशावर उडी मारतात आणि आतून आवाज येतो, खोटं बोलतोयस. नाही झेपलं तर ४थ्यावर थांबा. ८८वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, तरी प्रार्थनाच ती!

प्रार्थनेला नाशिकरोडच्या बाळ येशू मंदिरात, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, निवांत बसायचं तर फेब्रुवारीतली यात्रा टाळून जा. आणि जगणंच नकोसं वाटत असेल, तर स्तोत्राआधी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावा. फुकट आहे, २४ तास.